घोड्याच्या पाठीवरची दारू आणि एका नव्या राज्याचा हिशोब

१७९० च्या सुमाराला पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यापुढे एक रोखठोक गणित होतं. शेतात राय नावाचं धान्य भरपूर पिकायचं, पण गिऱ्हाईक होतं पूर्वेला, ॲलेगेनी डोंगरांच्या पलीकडे, फिलाडेल्फियाच्या बाजूला. मधे धड गाडीरस्ता नव्हता. घोड्यावर लादून न्यायचं म्हटलं, तर एका घोड्यावर चार बुशेल, म्हणजे साधारण शंभर किलो धान्य बसायचं, आणि ते विकून आलेले पैसे वाटखर्चातच संपायचे. तेच धान्य घरच्या भट्टीवर गाळून व्हिस्की केली, की तोच घोडा चोवीस बुशेलांचा माल दोन पिंपांत घालून डोंगर उतरायचा. आपल्याकडे ऊस गाडीभर वाहण्यापेक्षा गुळाच्या ढेपा नेणं परवडायचं, त्यातलाच हा प्रकार. शिवाय व्हिस्की नासत नाही. त्या मुलखात चांदीचं नाणं इतकं दुर्मिळ होतं की मजुरीसुद्धा व्हिस्कीत चुकती व्हायची. दारू हे तिथलं पीकही होतं आणि पैसाही.

१७९१ मध्ये नव्या सरकारने या व्हिस्कीवर अबकारी कर बसवला. आणि तो भरायचा रोख.

अमेरिकेच्या पहिल्या पन्नास वर्षांबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक जाहीरनामे आणि पुतळे. स्वातंत्र्य, समता, वॉशिंग्टन, जेफर्सन. ते खोटं नाही. पण मला विचाराल तर त्या काळाकडे जाण्याची सोपी वाट या घोड्याच्या मागून जाते. नवं राज्य उभं करायला पैसा लागतो, माल हलवायला रस्ता लागतो, आणि दोन्हींची किंमत कोणाच्या खात्यावर टाकायची, यावरून भांडण होतं. ‘सगळी माणसं समान’ असं लिहून ठेवलेल्या देशात हे भांडण जरा जास्तच रंगलं.

आधी देणं, मग देश

इंग्लंडविरुद्धची लढाई १७८३ च्या तहाने संपली. देश स्वतंत्र झाला, पण त्याच्या मध्यवर्ती संसदेला, म्हणजे काँग्रेसला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. तेरा राज्यांकडे वर्गणी मागायची आणि ती देतील तेव्हा घ्यायची. लढाईत छापलेल्या ‘कॉन्टिनेन्टल’ नावाच्या कागदी नोटांची पत इतकी घसरली होती की बिनकामाच्या वस्तूला ‘कॉन्टिनेन्टलइतकी किंमत नाही’ असं म्हणायची पद्धत पडली. सैनिकांनाही पगारापोटी बऱ्याचदा कागदच मिळाले होते, सरकार पुढे कधीतरी पैसे देईल असं लिहिलेले.

आता मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातला एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. लढाईवरून परत आलाय. घरात रोकड नाही, दुकानदाराची उधारी थकली आहे, म्हणून तो आपला पगाराचा कागद मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो. डॉलरमागे काही सेंट हातात पडतात. घेणारा असतो बोस्टनचा व्यापारी किंवा त्याचा दलाल. थोड्या वर्षांनी राज्य सरकार ठरवतं की या कागदांचं पूर्ण किमतीवर व्याज द्यायचं. त्यासाठी जमिनीवर आणि डोईवर कर लावतं, आणि तोही नाण्यातच मागतं. म्हणजे ज्याचा पगार बुडाला, त्यानेच कर भरून, त्याचा कागद स्वस्तात उचलणाऱ्याला व्याज द्यायचं. भरलं नाही तर कोर्ट, जप्ती, लिलाव, कधी तुरुंगही.

१७८६ च्या उन्हाळ्याअखेर या लोकांनी कोर्टंच बंद पाडायला सुरुवात केली. न्यायाधीश बसलाच नाही तर जप्तीचा हुकूम निघणार कसा, असा सरळ हिशोब. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनिअल शेज हा लढाईतला माजी कॅप्टन. जानेवारी १७८७ मध्ये शेज आणि त्याचे साथीदार स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा समोरून तोफ डागली गेली आणि चार माणसं मेली. बंड मोडायला जी फौज गेली तिचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून केला होता, कारण सरकारी तिजोरीत खडखडाट होता. गंमत पुढे आहे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी गव्हर्नर बोडनला घरी बसवलं आणि करांचा जाच कमी झाला. बंदुकीने जे मिळालं नाही, ते मताने थोडंफार मिळालं.

पण श्रीमंतांच्या मनात धडकी भरली ती भरलीच. मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला प्रतिनिधी जमले. ५५ जण आले, सप्टेंबरमध्ये ३९ जणांनी सही केली, आणि आजही चालू असलेली राज्यघटना तयार झाली. मध्यवर्ती सरकारला कर घेण्याचा आणि बंड मोडण्याचा अधिकार तिने दिला. दक्षिणेच्या मळेवाल्यांनी आपलं दान त्यात पाडून घेतलं: संसदेतल्या जागा वाटताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही. मत गुलामाला नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा जागा. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या भरली सुमारे ३९ लाख. त्यातले जवळपास ७ लाख गुलाम होते.

आता आपल्या व्हिस्कीकडे. पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन. वेस्ट इंडीजमधून आलेला, पोरका, हिशोबात तरबेज. त्याचं म्हणणं असं की देशाची पत म्हणजे देशाचा शब्द. जुनं सगळं देणं, मध्यवर्ती आणि राज्यांचंही, नव्या सरकारने अंगावर घ्यायचं आणि आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण किंमत द्यायची. दोन्ही मिळून आकडा आठ कोटी डॉलरच्या आसपास जात होता. खासदार मॅडिसनने विचारलं, मग ज्या सैनिकाने पोटासाठी कागद विकला त्याचं काय? त्याला काही हिस्सा द्या. ठराव पडला. हॅमिल्टनच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतंच. ‘मूळ मालक कोण’ हे शोधत बसलं असतं तर त्या रोख्यांना बाजारात कोणी हात लावला नसता. शिवाय त्याला पैसेवाल्यांचं हित नव्या सरकारशी बांधून टाकायचं होतं. सावकाराचे पैसे अडकले की तो ऋणको जगावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. राज्यांची कर्जं घेण्याला दक्षिणेचा विरोध होता. तो १७९० च्या उन्हाळ्यात एका जेवणाच्या टेबलावर मिटला. कर्जं मध्यवर्ती सरकारकडे, आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेत, पोटोमॅक नदीच्या काठी. वॉशिंग्टन शहर ते हे.

व्याज द्यायचं तर उत्पन्न हवं, म्हणून आयातीवर जकात आणि घरच्या दारूवर कर. कराची रचना अशी की वर्षभर भट्टी चालवणाऱ्या मोठ्या कारखानदाराला तो गॅलनमागे कमी पडे, हंगामात चार दिवस भट्टी लावणाऱ्याला जास्त. कर चुकवल्याचा खटला चालायचा फिलाडेल्फियाला, सुमारे ५०० किलोमीटरवर. तारखेला गेलं तरी शेत बुडालं, नाही गेलं तरी दंड.

जुलै १७९४ मध्ये जमावाने कर-निरीक्षक जॉन नेव्हिलचं घर घेरून जाळलं. वॉशिंग्टनने सुमारे १३ हजारांची फौज काढली आणि राष्ट्राध्यक्ष असूनही तो स्वतः घोड्यावर बसून काही अंतर तिच्याबरोबर गेला. हॅमिल्टनही होता. डोंगर ओलांडून पोचल्यावर लढायला समोर कोणीच नव्हतं. धरपकड झाली, दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि वॉशिंग्टनने दोघांनाही माफ केलं. कर मात्र नीट वसूल झालाच नाही. जेफर्सनच्या कारकिर्दीत, १८०२ मध्ये, तो रद्द झाला.

विरोधक म्हणजे शत्रू नव्हे, हे शिकताना

पक्ष कोणालाच नको होते. घटना लिहिणाऱ्यांच्या लेखी पक्ष म्हणजे घरफोडी. तरी दहा वर्षांत दोन उभे राहिले. हॅमिल्टन आणि ॲडम्सचे फेडरलिस्ट व्यापार, बँक, इंग्लंडशी जमवून घेणं या बाजूचे. जेफर्सन आणि मॅडिसनचे रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध नाही) शेतकरी, राज्यांचे हक्क आणि फ्रान्सची क्रांती यांच्या बाजूचे. १७९८ मध्ये फेडरलिस्टांनी सरकारविरुद्ध लिहिण्या-बोलण्याला तुरुंगवास ठरवणारा कायदा केला. व्हर्मॉन्टचा खासदार मॅथ्यू लायन राष्ट्राध्यक्ष ॲडम्सविरुद्ध लिहून चार महिने आत गेला, वर हजार डॉलर दंड. मतदारांनी तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिलं.

१८०० च्या निवडणुकीत जेफर्सन आणि त्याचाच उपाध्यक्षपदाचा जोडीदार बर यांना राज्यांच्या निवडक प्रतिनिधींची (हे प्रतिनिधी राज्याच्या संसदेतल्या जागांइतके) सारखीच ७३ मतं पडली. निकाल संसदेकडे गेला, जिथे एका राज्याला एकच मत, आणि १८०१ च्या फेब्रुवारीत ३६ व्या फेरीत लागला. त्या फेरीत व्हर्मॉन्टचा दुसरा प्रतिनिधी बाजूला राहिला आणि राज्याचं मत जेफर्सनच्या पारड्यात टाकायला उरला एकटा लायन. सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गोळी न झाडता गेली. आज हे आपल्याला साधं वाटतं. तेव्हा ते कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या विजयात तीन-पंचमांशवाल्या जादा मतांचा हात होता, हे उत्तरेकडचे लोक पुढे कित्येक वर्षं टोचून बोलत राहिले.

१८०३ मध्ये जेफर्सनने फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला आणि देश जवळपास दुप्पट झाला. नेपोलियनने तो विकायला काढला याचं एक मोठं कारण हैती. तिथल्या गुलामांनी उठाव करून फ्रेंच फौजेची वाताहत केली होती. हैती हातची गेल्यावर लुइझियाना कशाला ठेवायचा? गुलामांच्या क्रांतीमुळे अमेरिकेला जमीन मिळाली, आणि त्या जमिनीच्या दक्षिण भागावर गुलामगिरीच वाढली.

सरकी

विदर्भ-खानदेशच्या वाचकाला जिनिंग म्हणजे काय ते सांगायला नको. कापूस आला की जिनवर जातो, रुई वेगळी, सरकी वेगळी. हा ‘जिन’ शब्द मूळचा याच गोष्टीतला. इंग्रजी ‘एंजिन’ या शब्दाचं ते तोडकं रूप.

अमेरिकेत समुद्रकाठी लांब धाग्याचा कापूस यायचा. त्याची सरकी गुळगुळीत. दोन रुळांच्या साध्या चरकीत, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत होती तशा, ती सहज निघायची. पण तो कापूस आत, चढावरच्या जमिनीत पिकत नसे. तिथे यायचा आखूड धाग्याचा, आणि त्याची हिरवट सरकी रुईला अशी चिकटून बसलेली की एका माणसाने दिवसभर हाताने वेचली तर जेमतेम अर्धा किलो रुई निघावी. इंग्लंडच्या गिरण्या कापसासाठी आ वासून बसल्या होत्या आणि इथे हे अडलेलं. १७९३ मध्ये एली व्हिटनी नावाचा येलमधून नुकताच शिकून निघालेला तरुण जॉर्जियातल्या एका मळ्यावर उतरला असताना त्याने एक पेटी बनवली. हँडल फिरवलं की तारांचे दात असलेला रूळ फिरतो, दात जाळीच्या फटींतून रुई ओढून घेतात, फटींतून न जाणारी सरकी मागे पडते, आणि दुसरा, ब्रशाचा रूळ दातांवरची रुई झाडून काढतो. एवढंच. पण एका माणसाच्या दिवसाच्या कामाला पन्नासपट जोर आला. पेटंट मिळालं १७९४ मध्ये. व्हिटनीला त्यातून फारसं काही सुटलं नाही, कारण असली पेटी कोणताही सुतार-लोहार बनवू शकत होता.

आता ताळा करून पाहा. काम सोपं झालं तर मजूर कमी लागायला हवेत. इथे उलटं झालं. सरकी काढणं सोपं झालं, पण कापूस लावणं, निंदणं, वेचणं हाताचंच राहिलं. अडचण एका टप्प्यावरून उचलली गेली आणि सगळा दाब बाकीच्या टप्प्यांवर आला. १७९० मध्ये देशात कापूस व्हायचा सुमारे तीन हजार गाठी. १८६० मध्ये तो चाळीस लाख गाठींच्या घरात गेला. आणि गुलाम? ७ लाखांचे जवळपास ४० लाख. १८०८ मध्ये आफ्रिकेतून आयात बंद झाली होती, तेव्हा ही माणसं देशातच जन्मलेली आणि देशातच विकली गेलेली. व्हर्जिनिया-मेरीलँडकडची तंबाखूची जमीन थकली होती. तिथले मालक माणसं विकायचे, आणि ती साखळदंडाने बांधून पायी, किंवा जहाजाने, अलाबामा-मिसिसिपीकडे नेली जायची. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख लोक असे हलवले गेले. नवऱ्याला एका गिऱ्हाइकाला, बायकोला दुसऱ्याला, पोरांना तिसऱ्याला.

उत्तरेतली राज्यं याच काळात गुलामगिरी हळूहळू सोडत होती. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये कायदा केला, न्यूयॉर्कने १७९९ मध्ये. पण न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या गुलामाची सुटका व्हायला १८२७ उजाडलं. म्हणून उत्तरेचे हात स्वच्छ होते असं कोणी समजू नये.

मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावाचं उदाहरण घ्या. बोस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लॉवेल १८१० मध्ये इंग्लंडला गेला, तिथले यंत्रमाग डोळ्यांत साठवून आला, कारण नकाशे बाहेर न्यायला बंदी होती, आणि त्याने वॉल्थॅमला कापसापासून कापडापर्यंत सगळं एका छपराखाली करणारी गिरणी काढली. तो वारल्यावर त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याशी त्याच्या नावाचं अख्खं गाव वसवलं. कामाला घेतल्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली. राहायला कंपनीचं बोर्डिंग, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. पहाटे भोंगा नव्हे, घंटा. दिवसाचे बारा-तेरा तास माग. तरी या मुलींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे आले. त्या वाचायच्या, व्याख्यानांना जायच्या, घरी भावाच्या शिक्षणाला पैसे धाडायच्या. १८३४ मध्ये मजुरी कापायची घोषणा झाली तेव्हा शेकडो जणी माग सोडून रस्त्यावर उतरल्या, १८३६ मध्ये पुन्हा. आम्ही स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या लेकी आहोत, असं त्यांचं म्हणणं. मागावर येणारा कापूस मात्र दक्षिणेचा, गुलामांनी वेचलेला. आणि तिथून जो माल परत दक्षिणेला जायचा त्यात एक जाडंभरडं, खरखरीत कापड असे. बाजारात त्याला ‘निग्रो क्लॉथ’ म्हणत. मालक ते गुलामांच्या अंगावरच्या कपड्यांसाठी गाठीच्या गाठी घ्यायचे.

डोंगर ओलांडला

रस्त्याचा प्रश्न अजून तसाच होता. १८१६ च्या सुमाराचा एक सरकारी हिशोब असा की युरोपातून टनभर माल अटलांटिक ओलांडून आणायला जेवढा खर्च येतो, तेवढ्याच पैशांत तो माल बंदरापासून आत जेमतेम पन्नास किलोमीटर जातो. न्यूयॉर्कचा गव्हर्नर डी-विट क्लिंटन याने हडसन नदीकाठच्या ऑल्बनीपासून ईरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत कालवा खणायचं ठरवलं. लांबी ५८४ किलोमीटर, रुंदी बारा मीटर, खोली फक्त सव्वा मीटर, आणि चढउतारासाठी ८३ जलपाश, म्हणजे पाणी कमी-जास्त करून नाव वर-खाली नेणारे दारांचे हौद. जेफर्सनने असल्या कल्पनेला आधीच वेडेपणा म्हटलं होतं. लोक ‘क्लिंटनचा खड्डा’ म्हणून हसायचे. मुख्य इंजिनिअर इंजिनिअर नव्हतेच, गावाकडचे न्यायाधीश आणि मोजणीदार होते. काम करता करता शिकले.

१८१७ ला कुदळ पडली आणि १८२५ ला पहिली नाव आरपार गेली. क्लिंटनने ईरी सरोवराचं पिंपभर पाणी नेऊन न्यूयॉर्कजवळ समुद्रात ओतलं; समारंभाची हौस कुठेही सारखीच. घोडे-खेचरं काठावरून नाव ओढायची, वेग माणूस भरभर चालेल एवढाच. पण टनामागे शंभर डॉलर पडणारं भाडं दहावर आलं. डोंगराला वळसा घालून जाणारा मार्ग झाला आणि ओहायोकडचं धान्य धान्य म्हणूनच न्यूयॉर्कला उतरायला लागलं. बाटलीत शिरायची त्याला सक्ती उरली नाही. फिलाडेल्फिया आणि बोस्टन बघत राहिले आणि न्यूयॉर्क देशाचं पहिलं बंदर बनलं.

कालव्याकाठच्या गावांत पैसा आला, अनोळखी माणसं आली, छापखाने आले आणि धर्माची लाटही आली. दारूबंदी, गुलामगिरीविरोध, बायकांचे हक्क, सगळ्या चळवळींना या पट्ट्यात पीक आलं. १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्रीहक्क परिषद याच भागातली.

दार उघडलं आणि लागलं

मताच्या हक्काची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते, कारण ती सरळ रेषेत जात नाही. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मतदार म्हणून ‘सर्व रहिवासी’ असं लिहिलं होतं. मुख्य अट पन्नास पौंडांची मालमत्ता. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरली जायची, त्यामुळे ती बाद. पण विधवा आणि अविवाहित बायका मत द्यायच्या, मालमत्ता असलेले स्वतंत्र काळे लोकही. १८०७ मध्ये विधिमंडळाने ते बंद केलं: मत फक्त गोऱ्या पुरुषांना. त्याच कायद्याने मालमत्तेची अट मात्र इतकी सैल केली की कर भरणारा जवळपास प्रत्येक गोरा पुरुष आत आला. एकाच कलमाने एक दार उघडलं आणि दुसरं लावलं.

पुढे राज्यामागून राज्यात हेच. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली आणि काळ्यांसाठी २५० डॉलरची ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये घटनेत ‘गोरा’ हा शब्दच घातला. पूर्वी मत ठरायचं जमिनीवरून, आता कातडीवरून. गरीब गोऱ्याला मिळालेला मान खरा होता, हेही तितकंच खरं. १८२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी साडेतीन लाखांच्या आसपास मतं पडली होती. १८२८ मध्ये ती अकरा लाखांवर गेली आणि अँड्र्यू जॅक्सन निवडून आला. वारलेल्या बापाचा, सीमेवर वाढलेला, लढाई गाजवलेला, आणि स्वतः गुलाम राखणारा मळेवाला. त्याच्या शपथविधीला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात इतकी गर्दी घुसली की लोकांना बाहेर काढायला दारूमिश्रित सरबताची भांडी हिरवळीवर नेऊन ठेवावी लागली.

आणि याच जॅक्सनने १८३० मध्ये आग्नेयेकडच्या मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा करून घेतला. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा कसाबसा निघाला. जॉर्जियातले चेरोकी काही जंगलात भटकणारे नव्हते. सेक्वॉया नावाच्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाने १८२१ पर्यंत आपल्या भाषेची लिपी एकट्याने तयार केली होती. १८२७ मध्ये चेरोकींनी लेखी घटना केली, १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे दोन भाषांतलं वर्तमानपत्र काढलं. पण त्यांच्या जमिनीवर कापूस येणार होता, आणि वर सोनं सापडलं.

इथे मराठी माणसाचा एक खरा धागा आहे. चेरोकींच्या बाजूने उभा राहून जॉर्जियाच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगणारा सॅम्युअल वूस्टर हा ज्या मिशनरी संस्थेचा, त्याच अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले होते. तेच पुढे अमेरिकन मराठी मिशन. त्यांनी मुंबईत छापखाना घातला, मॅथ्यूचं शुभवर्तमान मराठीत छापलं, १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. सेक्वॉयाची लिपी आणि आपली देवनागरी, दोन्ही एकाच संस्थेमार्फत एकाच काळात शिशात ओतल्या जात होत्या. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. आणि १८७३ ची ‘गुलामगिरी’ जोतीरावांनी अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

वूस्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये निकाल चेरोकींच्या बाजूने दिला. जॉर्जियाने तो धाब्यावर बसवला आणि जॅक्सनने हात झटकले. १८३५ मध्ये मोजक्या चेरोकींच्या सह्या घेऊन तह उरकला गेला; मुख्य पुढारी जॉन रॉस आणि हजारो चेरोकींनी विरोधाचे अर्ज पाठवले, तरी सिनेटमध्ये तो लागेल त्यापेक्षा एकही मत जास्त न पडता मंजूर झाला. १८३८ मध्ये सैनिकांनी घराघरांतून माणसं बाहेर काढून छावण्यांत कोंबली. सुमारे १६ हजार निघाले, हिवाळ्यात, बहुतेक पायी. चार हजारांच्या आसपास मेले असं मानलं जातं.

मूळ रहिवाशांकडून घेतलेली अशी जमीन अलाबामा-मिसिसिपीकडे आधीपासूनच विकली जात होती, तिथे कापूस लावला जात होता, आणि पैसा सरकारी तिजोरीत येत होता. हॅमिल्टनने अंगावर घेतलेलं देणं आठवतंय? जकात आणि जमीनविक्रीच्या जोरावर जानेवारी १८३५ मध्ये अमेरिकेवरचं कर्ज शून्य झालं. देशाच्या इतिहासात ही एकदाच घडलेली गोष्ट. १८३६ मध्ये एका वर्षात जमीन विकली गेली सुमारे अडीच कोटी डॉलरची, त्यातली बरीच उधारीच्या नोटांवर. कारण जॅक्सनने मध्यवर्ती बँकेची सनद वाढवायला १८३२ मध्ये नकार दिला होता. श्रीमंतांची मक्तेदारी म्हणून त्याला ती खुपायची, आणि त्यात तथ्य होतं. पण तिचा लगाम सुटल्यावर शेकडो खासगी बँका आपापल्या नोटा छापत सुटल्या. दुकानदार नोट हातात घेऊन आधी पुस्तिकेत बघायचा, ही बँक आहे का, होती का, की कधी नव्हतीच. मग सरकारने अचानक ठरवलं, जमिनीचे पैसे फक्त सोन्या-चांदीत. इंग्लंडने व्याज वाढवलं, कापसाचा भाव कोसळला, आणि १० मे १८३७ ला न्यूयॉर्कच्या बँकांनी नाणी देणं थांबवलं. जॅक्सन तेव्हा घरी गेलेला होता; निस्तरायला खुर्चीवर होता त्याचा वारसदार मार्टिन व्हॅन ब्युरेन.

१८४० मध्ये तो पुन्हा उभा राहिला. समोर विल्यम हेन्री हॅरिसन. टेकुमसेच्या नेतृत्वाखाली एकत्र येत असलेल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर १८११ मध्ये टिपेकनूला चढाई करून नाव कमावलेला जनरल. विरोधी पत्राने टोमणा मारला की म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचं एक पिंप आणि पेन्शन द्या, तो लाकडी झोपडीत खुशाल बसून राहील. हॅरिसनच्या माणसांनी तो टोमणा अलगद झेलला. गावोगावी चाकांवर लाकडी झोपड्या फिरू लागल्या, दाराशी फुकट दारूचं पिंप, गाणी, मिरवणुका. मत नसलेल्या बायका रुमाल हलवत सभांना यायच्या. व्हॅन ब्युरेन सोन्याच्या चमच्यांनी जेवतो, असं संसदेत भाषण झालं. मतदारांपैकी सुमारे ८० टक्के लोक मतदानाला आले. जिंकला हॅरिसन, व्हर्जिनियातल्या मळेवाल्याच्या विटांच्या वाड्यात जन्मलेला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याचा मुलगा. हरला व्हॅन ब्युरेन, ज्याचा बाप किंडरहूक गावात खरोखरच दारूची खानावळ चालवायचा.